ऊसवाहू ट्रॅक्टरावरील ध्वनियंत्रणा : तारेची जाडी आणि फ्यूज यांची निवड

कार्तिक लागला की सातारा व सांगली जिल्ह्यांतील साखर कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि शेंद्रे, रेठरे बुद्रुक, साखराळे अशा गावांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर उसाचे दोन-दोन ट्रेलर ओढणाऱ्या ट्रॅक्टरांची रीघ लागते. यांपैकी पुष्कळ ट्रॅक्टरांवर गाणी वाजत असतात, आणि ती अनेकदा ट्रॅक्टर दिसण्यापूर्वीच ऐकू येतात. कारखान्याच्या आवारात आपला नंबर लागेपर्यंत रात्ररात्र ताटकळणाऱ्या चालकाला गाण्याची सोबत हवीशी वाटावी, हे समजण्यासारखे आहे. त्या आवाजाचा इतरांस होणारा उपद्रव आणि २००० सालचे ध्वनिप्रदूषणविषयक नियम हा स्वतंत्र विषय असून त्यात येथे शिरावयाचे नाही. प्रस्तुत लेखाचा विषय आहे तो त्या ध्वनियंत्रणेस घटमालेपासून वीज पोहोचविणारी तार, आणि त्या तारेच्या मुखाशी असावयास हवा, परंतु अनेकदा नसतो, असा फ्यूज. मागे कित्येक टन ऊस आणि त्याला लगटून वाळलेले पाचट असताना ही तार तापून पेटली, तर काय होईल हे सांगावयास नको. मोटारगाडीत उसाच्या जागी माणसे असतात, एवढाच फरक.

विषय वरवर पाहता वायरमनच्या कामाचा आहे. तो या पत्रिकेत मांडण्याचे कारण असे की, ओहमचा नियम (१८२७) आणि जूलचा नियम (१८४१) शालेय अभ्यासक्रमात शिकूनही त्यांचे परिमाणात्मक भान आपणांस क्वचितच येते. घरातील वायरिंगसाठी पिढ्यान्पिढ्या बिनचूक ठरलेला ठोकताळा वाहनात नेमका चुकतो. आणि तो का चुकतो, याचे उत्तर याच दोन नियमांत आहे.

प्रथम प्रवाहाच्या मानाची कल्पना घेऊ. कोयना प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यातील एक जनित्रसंच सुमारे ७० मेगावॉट वीज देतो. ही सर्व वीज २२० किलोव्होल्ट दाबाच्या त्रिकला वाहिनीने पाठविली आणि शक्तिगुणक एक धरला, तर प्रत्येक कलेच्या तारेतून सुमारे १८४ अँपिअर प्रवाह वाहील. आता कर्ण्यांस खरोखर १,२०० वॉट पुरविणारा आणि घेतलेल्या विजेपैकी निम्मी उष्णतेत घालविणारा एक विवर्धक, म्हणजे बाजारातील ॲम्प्लिफायर, घ्या. त्यास २,४०० वॉट लागतात. इंजिन चालू असताना त्याच्यापर्यंत १३ व्होल्ट पोहोचतात असे धरले, तर प्रवाह होतो १८५ अँपिअर. दाब कमी, म्हणून प्रवाह प्रचंड. आणि तारेतील ऊर्जाक्षय तर प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. कोयनेची तार मनोऱ्यांवर मोकळ्या वाऱ्यात टांगलेली असते. ट्रॅक्टरावरील तार आसनाखालून, कित्येकदा डिझेलच्या नळीला खेटून गेलेली असते.

वास्तविक ट्रॅक्टरावरील यंत्रणा इतकी मोठी क्वचितच असते. खोक्यावर छापलेल्या वॉटांवर मात्र विसंबू नये. ‘पी.एम.पी.ओ.’ या नावाखाली छापले जाणारे हजारो वॉट हा विक्रेत्याचा आकडा आहे, भौतिकीचा नव्हे. विवर्धकाच्या स्वतःच्या अंगावर जे फ्यूज बसविलेले असतात त्यांची बेरीज हे अधिक विश्वसनीय प्रमाण होय. निर्मात्याने निदान तेथे खरे बोललेले असते. सतत मिळणारी शक्ती ठाऊक असेल, तर जुन्या एबी वर्गाच्या विवर्धकासाठी कार्यक्षमता ५० ते ६० टक्के आणि डी वर्गासाठी ८० ते ९० टक्के धरून प्रवाह काढता येतो. आपण पुढील विवेचनासाठी ४०० वॉटांचा, ५५ टक्के कार्यक्षमतेचा विवर्धक घेऊ. त्यास सुमारे ७२७ वॉट, म्हणजे १३ व्होल्टांवर ५६ अँपिअर लागतात. येथे जाता जाता एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. ४०० वॉटांचे ८०० वॉट केले, तर ध्वनीची पातळी वाढते केवळ ३ डेसिबलांनी; कानाला हा फरक जेमतेम जाणवतो. तार तीच ठेवली, तर तिच्यातील उष्णता मात्र चौपट होते.

तारेची जाडी ठरविताना दोन निरनिराळ्या अटी पाळाव्या लागतात, आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिली अट दाबघटीची : तारेच्या रोधामुळे वाटेत वाया जाणारा दाब एका मर्यादेत राहिला पाहिजे. दुसरी अट तापमानाची : तारेवरील पी.व्ही.सी.चे निरोधन त्याच्या सह्य तापमानाच्या, साधारणतः ७० अंश सेल्सिअसच्या, आत राहिले पाहिजे.

पहिल्या अटीचे सूत्र सोपे आहे. तांब्याची रोधकता २० अंशांवर ०.०१७२ ओहम-चौरस मिलिमीटर प्रतिमीटर आहे. तीस प्रवाहाने आणि तारेच्या एकूण लांबीने गुणून मान्य दाबघटीने भागले की छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरांत मिळते. एकूण लांबी म्हणजे जाण्याची व येण्याची मिळून. हे ‘येण्याचे’ विसरण्याची चूक फार सार्वत्रिक आहे. घटमाला पुढे आणि विवर्धक मागे मडगार्डजवळ असेल, तर तार वळणावळणाने नेताना एका दिशेस ४ मीटर सहज लागतात. म्हणजे एकूण ८ मीटर. मान्य दाबघट अर्धा व्होल्ट धरली, तर ०.०१७२ गुणिले ५६ गुणिले ८ भागिले ०.५, असे सुमारे १५.४ चौरस मिलिमीटर येतात. बाजारात मिळणारे लगतचे माप १६ चौरस मिलिमीटर.

दुसऱ्या अटीसाठी तारेच्या एक मीटर तुकड्याचा उष्णतेचा ताळेबंद मांडावा. निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या समप्रमाणात आणि व्यासाच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असते. बाहेर जाणारी उष्णता पृष्ठभागातून जाते, म्हणून ती व्यासाच्या समप्रमाणात असते. दोन्ही बाजू समान केल्या की ठरावीक तापमानवाढीसाठी प्रवाहाचा वर्ग हा व्यासाच्या घनाच्या प्रमाणात येतो. अर्थात प्रवाह व्यासाच्या दीडव्या घाताच्या प्रमाणात असतो. याचा एक परिणाम विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा आहे. छेदाचे क्षेत्रफळ दुप्पट केले, तर रोध बरोबर निम्मा होतो. परंतु वाहून नेता येणारा प्रवाह दुप्पट होत नाही, सुमारे १.६८ पट होतो. शिवाय या दुसऱ्या अटीत लांबी कोठेच येत नाही.

येथे मूळ मुद्दा स्पष्ट होतो. १६ चौरस मिलिमीटरच्या तारेतून, तापमानाच्या अटीनुसार, थंड हवेत सुमारे ८० अँपिअर नेता येतात. म्हणजे दर चौरस मिलिमीटरला ५ अँपिअर. या घनतेला तारेच्या दर मीटरमागे ०.०८६ व्होल्ट दाब खर्ची पडतो. घरात २३० व्होल्टांच्या ३ टक्के, म्हणजे जवळजवळ ७ व्होल्ट, घट चालत असेल, तर या हिशेबाने जाऊन-येऊन ८० मीटर तारेपर्यंत दाबघटीची काळजी करण्याचे कारण नाही. घरातील तार इतकी लांब नसतेच. म्हणून घराचा वायरमन केवळ तापमानाच्या अटीवर तार निवडतो आणि त्याचे काही बिघडत नाही. वाहनात मान्य घट अर्धा व्होल्ट. तीच तार जाऊन-येऊन ६ मीटरांच्या आतच ती मर्यादा गाठते. लहान यंत्रणेच्या बारीक तारा दर चौरस मिलिमीटरला याहून अधिक प्रवाह सोसू शकतात, म्हणून तेथे ही मर्यादा ३ मीटरांवरच येते. थोडक्यात, घरात तापमानाची अट आधी आडवी येते, वाहनात दाबघटीची. घरगुती अनुभवावरून ‘या तारेवर गीझर चालतो, मग टेप का चालणार नाही’ असे म्हणणारा माणूस या वळणावर फसतो. याउलट कृष्णाकाठच्या ज्या शेतकऱ्याचा पंप रोहित्रापासून दूर आहे, त्यास दाबघटीचे ज्ञान पुस्तकाविना झालेले असते.

याच यंत्रणेस घरातील ४ चौरस मिलिमीटरची तार जोडली असे समजा. रोध ०.०३४४ ओहम, दाबघट १.९ व्होल्ट, आणि तारेत उष्णता सुमारे १०८ वॉट. विवर्धकाला ११ व्होल्ट मिळतात. त्याची कमाल शक्ती चौथ्या हिश्श्याहून अधिक घटते आणि ढोलाचे ठोके फाटल्यासारखे ऐकू येतात. दाब स्थिर राखणारी जोडणी असलेले विवर्धक तर दाब उतरला की तीच शक्ती टिकविण्यासाठी उलट जास्त प्रवाह ओढतात. संगीतात प्रवाह एकसारखा नसतो, सरासरी प्रवाह कमाल प्रवाहाच्या मानाने बराच कमी असतो, हे खरे. यास्तव तापमानासाठी वर्गमध्यमूळ प्रवाह पुरतो. दाबघट मात्र कमाल प्रवाहावरच मोजली पाहिजे, कारण आवाज फाटतो तो त्या क्षणी. अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर ४० अँपिअरांच्या आसपासचा असतो हेही विसरू नये. सरासरी मागणी त्याहून वाढली, तर उणीव घटमालेतून भरली जाते, आणि पहाटे ट्रॅक्टर ढकलून सुरू करावा लागतो. जाड तारेने हा प्रश्न सुटत नाही.

आता मापांच्या गोंधळाविषयी. आपल्याकडे तारेचे माप सांगण्याच्या तीन रीती एकाच दुकानात नांदतात. ब्रिटिश प्रमाण गेज १८८४ पासून अमलात आले. मोटार रिवाइंडिंग करणारे कारागीर बोलतात ते गेज हेच. घरगुती वायरिंगमधील ‘तीन बावीस’, ‘सात वीस’ ही नावेही त्यातूनच आली : २० गेजचे सात तंतू म्हणजे सात वीस, आणि त्यांचे एकूण क्षेत्रफळ ४.६ चौरस मिलिमीटर. वाहनांच्या ध्वनियंत्रणेची तयार वायर किट मात्र अमेरिकी गेज सांगतात. अमेरिकी गेज भूमितीश्रेढीवर आधारलेले आहे. आकडा तीनने वाढला की क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते. ब्रिटिश गेजला असा एकच नियम नाही. ८ क्रमांकाची ब्रिटिश तार ४.०६ मिलिमीटर व्यासाची, सुमारे १३ चौरस मिलिमीटरची. ८ क्रमांकाचीच अमेरिकी तार ३.२६ मिलिमीटरची, ८.४ चौरस मिलिमीटरची. आकडा एकच, तांबे मात्र तिसऱ्या हिश्श्याहून अधिक कमी. म्हणून गेजची भाषा सोडून चौरस मिलिमीटरातच बोलावे. भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला, तरी गेज अद्याप दुकानांतून हटलेले नाही.

याहून गंभीर बाब धातूची आहे. स्वस्त किटांतील पुष्कळशी तार ॲल्युमिनियमच्या गाभ्यावर तांब्याचे पातळ कवच चढविलेली असते; दुकानदार तिला ‘सी.सी.ए.’ म्हणतात, किंवा काहीच म्हणत नाहीत. अशी तार मुळात वाईट नव्हे. अतिउच्च वारंवारतेस प्रवाह संवाहकाच्या कातडीतूनच वाहतो, आणि तेथे तिचा उपयोग रास्त आहे. घटमालेचा एकदिश प्रवाह मात्र संपूर्ण छेदातून वाहतो, आणि त्यास या तारेचा रोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या सुमारे १.६ पट भासतो. आपल्या उदाहरणात १६ ऐवजी २५ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी लागेल. ओळखण्याची रीत आर्किमिडीजची आहे. निरोधन सोलून एक मीटर तार तोलावी, मग पाण्यात बुडवून तोलावी व घनता काढावी. तांब्याची घनता ८.९ येते, कवचाच्या तारेची ३.३ ते ३.६. नुसत्या वजनानेही पुष्कळ कळते : १६ चौरस मिलिमीटर खऱ्या तांब्याच्या मीटरचे वजन सुमारे १४२ ग्रॅम भरले पाहिजे. तंतू चाकूने खरवडला असता आत पांढरे दिसले, तर तराजूचीही गरज नाही.

फ्यूज, म्हणजेच पारिभाषिक मराठीतील वितळतार, कोणाचे रक्षण करते? विचारलेल्या दहांपैकी नऊ जण ‘यंत्राचे’ असे उत्तर देतील. यंत्राच्या रक्षणासाठी त्याच्या अंगावरचा फ्यूज आहे. घटमालेजवळचा फ्यूज तारेचे रक्षण करतो. म्हणून त्याचे मूल्य तारेवरून ठरते आणि त्याची जागा तारेच्या आरंभी असते. घटमालेपासून १८ इंचांच्या, म्हणजे आपल्या जुन्या मापाने एका हाताच्या, आत तो असावा असा संकेत आहे. विवर्धकाशेजारी बसविलेला फ्यूज वाटेत तार कोठे घासून उघडी पडली, तर सर्वथा निरुपयोगी ठरतो; त्या वेळी प्रवाह त्याच्यातून जातच नाही.

असा प्रसंग आकड्यांत पाहू. घटमालेचा अंतर्गत रोध ८ मिलिओहम धरा. ४ चौरस मिलिमीटरची तार २ मीटरांवर लोखंडाला टेकली. तिचा रोध ८.६ मिलिओहम. १२.६ व्होल्टांस सुमारे ७५० अँपिअर वाहू लागतील. इतक्या थोड्या वेळात उष्णता बाहेर जात नाही, ती सर्व तांब्यातच साठते. पी.व्ही.सी.च्या तांब्याच्या तारेसाठी ७० वरून १६० अंशांपर्यंत तापण्याची मर्यादा अशी आहे की, प्रवाहाचा वर्ग गुणिले काळ हा गुणाकार ११५ गुणिले क्षेत्रफळ यांच्या वर्गाएवढा होतो. गणित केले असता काळ येतो ०.४ सेकंदाहून थोडा कमी. चालकाने किल्ली फिरविण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. आणि ही तार बहुधा थेट घटमालेला जोडलेली असल्याने किल्ली फिरवूनही काही साधत नाही.

फ्यूजचे मूल्य तारेच्या सुरक्षित प्रवाहाहून कमी आणि यंत्रणेच्या नेहमीच्या प्रवाहाहून अधिक हवे. इंजिनाच्या धगीत १६ चौरस मिलिमीटरच्या तारेवर ६० ते ७० अँपिअरांहून अधिक भरवसा ठेवू नये. म्हणून आपल्या उदाहरणात ६० अँपिअरांचा फ्यूज. पुढे तार दोन बारीक शाखांत विभागली असेल, तर प्रत्येक शाखेच्या मुखाशी तिच्या जाडीनुसार वेगळा फ्यूज लागतो. ४ चौरस मिलिमीटरची तार वापरणाऱ्याने २५ अँपिअरांचा फ्यूज लावला पाहिजे. तो मोठ्या आवाजाला वितळणार. मग मालक ६० चा लावणार. आणि तार अनाथ होणार. खरी गोम येथे आहे. वारंवार जाणारा फ्यूज तार बारीक असल्याचे सांगत असतो, आणि त्याचे तोंड बंद केले जाते.

तोंड बंद करण्याचे उपायही ठरलेले आहेत : सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद, नाही तर हाताशी असलेल्या वायरचा एक तंतू. प्रीस या ब्रिटिश अभियंत्याने १८८०च्या दशकात प्रयोगांनी दाखविले की, तार वितळविणारा प्रवाह व्यासाच्या दीडव्या घाताच्या प्रमाणात असतो. वर आपण उष्णतेच्या ताळेबंदातून काढले ते हेच. व्यास मिलिमीटरांत घेतला, तर तांब्यासाठी गुणक ८० आहे. ‘तीन बावीस’ तारेचा एक तंतू ०.७११ मिलिमीटरचा, तो वितळावयास सुमारे ४८ अँपिअर लागतात. म्हणजे १० अँपिअरांच्या जागी हा तंतू गुंडाळणाऱ्याने फ्यूज जवळजवळ पाचपट मोठा केलेला असतो.

खराखुरा फ्यूजही आपल्या आकड्यावर तत्क्षणी तुटत नाही, हे समजून असावे. वाहनांतील पात्यांच्या फ्यूजची प्रमाणित वागणूक अशी की, ११० टक्के प्रवाह तो तासन्‌तास वाहतो. १३५ टक्क्यांस पाऊण सेकंदापासून सुमारे दहा मिनिटांपर्यंत कधीही तुटतो. २०० टक्क्यांस पाच सेकंदांच्या आत. म्हणून ६० चा फ्यूज ८० अँपिअर काही मिनिटे जाऊ देईल असे धरूनच तार निवडावी. फ्यूज आणि तार यांच्यात राखावयाचे अंतर ते हेच.

राहिली परतीची वाट. तिच्यासाठी वाहनाचा सांगाडा वापरण्याची पद्धत आहे. ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स व धुरा ओतीव लोखंडाची असतात. त्या लोखंडाची रोधकता तांब्याच्या कित्येक पट असली, तरी छेद एवढा मोठा की धातूचा रोध नगण्य ठरतो. अडचण सांध्यांची आहे : रंग, गंज, चिखल, सैल बोल्ट. ऋण टोकासाठीही त्याच जाडीची तार थेट घटमालेपर्यंत नेणे माझ्या मते श्रेयस्कर. गंजलेल्या एका सांध्याचा रोध ५ मिलिओहम असला, तरी ५६ अँपिअरांस तेथे जवळजवळ १६ वॉट उष्णता नखाएवढ्या जागेत निर्माण होते. निरोधन काळे पडावयास ती पुरते, आणि फ्यूजला याचा पत्ताही लागत नाही. कारण प्रवाह वाढलेला नसतो, उलट किंचित घटलेला असतो.

असा सांधा साध्या मल्टिमीटरच्या ओहमपट्टीवर सापडत नाही, कारण मापकाच्या स्वतःच्या तारांचा रोधच त्याच्या कित्येक पट असतो. प्रयोगशाळेतील चतुरग्र पद्धत येथे रस्त्यावरही वापरता येते. विवर्धकाच्या टोकांस ५५ वॉटांचे दोन हेडलाइटचे बल्ब समांतर जोडावेत. सुमारे ९ अँपिअर स्थिर प्रवाह मिळतो. मग मापक २०० मिलिव्होल्टांच्या पट्टीवर ठेवून त्याची टोके प्रत्येक सांध्याच्या दोन्ही अंगांस लावीत जावे. आपल्या उदाहरणातील ८ मीटर निर्दोष तारेवर सुमारे ७७ मिलिव्होल्ट पडतात. एखाद्या सांध्यावर एकट्यावरच ४५ दिसले, तर तोच ५ मिलिओहमचा सांधा होय. तो सोडवून घासावा, नवे थिंबल दाबून बसवावे आणि पुन्हा मोजावे.